एका दमातलं वाक्य

बस स्टँडवर घोषणा करणारे काका आमच्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा ते दिसायच्या आधी ऐकू आले. हॉस्पिटलच्या तळघरात, एक्स-रेच्या पलीकडे आमची खोली. दोन ट्रेडमिल, जागच्या जागी चालवायच्या तीन सायकली, भिंतीला धरून चालायला लाकडी दांडी, आणि कोपऱ्यात हृदयाला झटका द्यायचं मशीन. बाहेरच्या बाकावर कोणीतरी विचारलं, "हृदयाचा व्यायाम इथंच का?" आणि खोलीतले चारही पेशंट एकदम दाराकडे वळले. एकजण तर सायकल मारायचा थांबलाच.

शहरात बसनं कुठंही गेलेल्या माणसाला तो आवाज ठाऊक होता. एकवीस वर्षं तो लोकांना सांगत आला होता की तुमची गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे आणि किती उशिरा सुटणार आहे. उशीर झाल्याचंही तो असं सांगायचा की ऐकणाऱ्याला आपलीच काहीतरी चूक झाली असं वाटावं. माझ्या मनात त्या आवाजामागे कोणी उंचापुरा, भारदस्त माणूस होता. दारातून आत आले ते बुटके, टक्कल पडलेले, कोपरावर विरलेला स्वेटर घातलेले गृहस्थ. त्यांच्या मागून काकू, फाइल छातीशी धरून.

मी फिजिओथेरपिस्ट. हृदयाच्या पेशंटनं किती चाललं तर चांगलं आणि कुठं थांबलं नाही तर वाईट, हे बघणं माझं काम. काकांची फाइल मी वाचली. हृदयातून शरीराकडे रक्त जाताना जी झडप उघडते, तिला तीन पाकळ्या असतात. काकांच्या झडपेला जन्मापासून दोनच होत्या, आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या दोनही कडक होत चालल्या होत्या. अर्धवट उघडलेल्या दारातून कपाट बाहेर काढायचं म्हटलं की जी ओढाताण होते, ती त्यांचं हृदय मिनिटाला सत्तर वेळा करत होतं. पण प्रकरण अजून मध्यम होतं. हृदयाच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं: हलका ते मध्यम व्यायाम, देखरेखीखाली. दर सहा महिन्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. त्रास सुरू झाल्यास ताबडतोब कळवणे.

ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. या आजारात झडप बदलायची वेळ कधी आली हे मशीन सांगतं, पण बऱ्याचदा त्याच्याआधी पेशंट सांगतो. त्यानं सांगायला हवं.

मी नेहमीप्रमाणे नियम सांगितले. पहिली दहा मिनिटं रमतगमत चालायचं. थांबतानाही एकदम थांबायचं नाही, वेग हळूहळू उतरवायचा. श्वास कोंडून काही उचलायचं नाही, ढकलायचं नाही, अडकलेल्या खिडकीशी कुस्ती खेळायची नाही. जेवल्या जेवल्या व्यायाम नको, अंगात ताप असेल तर नको. चक्कर आली, छातीत आवळल्यासारखं झालं, कालपेक्षा जास्त दम लागला, तर तिथल्या तिथे थांबायचं आणि मला सांगायचं. दमाचं माप मी दोन प्रकारे घ्यायचे. एक म्हणजे दहापैकी आकडा: काहीच दम नाही तर शून्य, आता जीव जातो असं वाटलं तर दहा, आणि आपण चारच्या पुढे जायचं नाही. दुसरं माप बोलण्याचं. चालता चालता एक पूर्ण वाक्य एका दमात बोलता आलं पाहिजे. मध्ये तुटलं की वेग कमी.

त्यासाठी माझ्याकडे एक कार्ड होतं. बागेतल्या खताविषयी पाच ओळी, मुद्दाम कंटाळवाण्या, म्हणजे वाचणारा रंगात येऊ नये. काकांनी पहिल्या दिवशी ते वाचलं आणि परत केलं.

"मॅडम, हे शेणखत तुमच्याकडेच ठेवा. आम्ही बोलण्यावर पोट भरणारी माणसं. आम्ही आमचं बोलतो." आणि पट्ट्यावर चालता चालता त्यांनी सुरू केलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. फलाट क्रमांक दोनवर उभी असलेली गाडी आज कुठेही जाणार नाही. प्रवाशांना होणाऱ्या आनंदाबद्दल व्यवस्थापन दिलगीर आहे."

खोलीत हशा पिकला. वाचनालयातल्या बाई, ज्यांची झडप गळकी होती आणि ज्या दोन महिन्यांत माझ्याशी कामापलीकडे चार शब्द बोलल्या नव्हत्या, त्यासुद्धा तोंडावर रुमाल धरून हसल्या. मीही हसले. कार्ड खणात ठेवलं. तेव्हापासून काका घोषणाच बोलायचे आणि मी वहीत लिहायचे: वाक्य पूर्ण, दम नाही.

मला ते कंडक्टर म्हणायला लागले, कारण थांबायची वेळ झाली की मी टेबलावरची घंटी वाजवायचे. मग सगळेच म्हणायला लागले. आठवड्यातून तीन दिवस काका यायचे आणि त्या तीन दिवसांत कोणी गैरहजर राहीनासं झालं. निवृत्त शिंपी, ज्यांची एक झडप आधीच बदललेली होती, ते एरवी काहीतरी निमित्त काढून दांडी मारायचे, तेही वेळेच्या आधी येऊन बसू लागले. आमच्या विभागाच्या डॉक्टरांनी एकदा हजेरीपट बघून मला शाबासकी दिली. पहिल्या सहा महिन्यांनंतरचा इको जसाच्या तसा आला. काकांचा वेग वाढला, मग मी थोडा चढ लावला. त्यांचा आकडा कायम दोन, फार तर तीन.

"काका, एवढं चढावर चालून दोनच?"

"दोन म्हणजे दोन. आमच्या धंद्यात आकडा चुकला तर माणूस भलत्याच गावाला जातो."

त्या वर्षी थंडी लवकर पडली. एका सकाळी चालून झाल्यावर मी त्यांचा बीपी घेतला तर तो आधीपेक्षा कमी आला. चालल्यावर बीपी वाढायला पाहिजे. या आजारात तो वाढला नाही किंवा उतरला, तर ती धोक्याची घंटा. मी दंडावरचा पट्टा सोडून पुन्हा बांधला. काका तोपर्यंत खुर्चीत टेकले होते, पाणी प्यायले होते, शिंप्यांची थट्टा करत होते. दुसऱ्यांदा आकडा बरा आला. मी पहिला खोडला आणि दुसरा लिहिला. पट्टा सैल बसला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. खोडलेला आकडा अजूनही वाचता येतो.

त्याच आठवड्यात शिंपी माझ्या टेबलापाशी घुटमळले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, "घोषणावाल्यांच्या खांद्यांकडे लक्ष द्या. कोटाचं माप घेताना माणूस पोट आत ओढतो, श्वास धरतो, तेव्हा खांदे असे वर येतात. चाळीस वर्षं बघितलंय."

मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "शिंप्याला माणसाचे फक्त खांदेच दिसतात. आत माणूस आहे की हॅंगर, याच्याशी त्याला काय." पुन्हा सगळे हसले. शिंपीही हसले, पण उशिरा. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. दुसऱ्या इकोची तारीख उलटून गेली होती. काका म्हणाले की पाळी बदलली, जमलं नाही, पुढच्या आठवड्यात करतो. मी दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा दिली नाही.

मग एका मंगळवारी, काकांची कामाची वेळ असताना, काकू एकट्याच आल्या. काकू एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. काचेच्या नळ्या धुणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणं हे त्यांचं काम. बोटांची टोकं कायम सुरकुतलेली. त्यांनी खोलीत कोणी नाही ना हे बघितलं आणि उभ्यानंच बोलायला सुरुवात केली, जणू बसल्या असत्या तर धीर सुटला असता.

त्यांचं घर चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. काका गेले कित्येक महिने तिसऱ्या मजल्यावर थांबत होते. आधी बुटाची नाडी बांधायचं निमित्त करायचे. मग एकदा काकूंच्या लक्षात आलं की त्या दिवशी बुटाला नाडीच नव्हती. आता ते सोंगही राहिलं नव्हतं, सरळ पायरीवर बसायचे. चार महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पडले होते. पाय घसरला असं सगळ्यांना सांगितलं, पण काकूंनी दार ढकलून बघितलं तेव्हा फरशी कोरडी होती आणि काका शुद्धीवर नव्हते. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय केलं असेल, तर काकूंकडून शपथ घेतली की डॉक्टरांना आणि त्या कंडक्टर मुलीला यातलं अक्षर कळता कामा नये.

"पण का?" मी विचारलं.

काकूंनी सांगितलं ते असं. त्यांचे मोठे दीर, म्हणजे काकांचे सख्खे थोरले भाऊ, त्यांनाही हाच आजार होता. त्यांचं ऑपरेशन झालं, झडप बदलली, सगळं चांगलं झालं, पण आवाजाची नस दुखावली. त्यानंतर त्यांच्या तोंडून फुसफुस यायची, कागद चुरगळावा तशी. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं की हे क्वचित होतं. दिरांच्या बाबतीत ते झालं.

"पण जगले ना ते?"

"अकरा वर्षं जगले. नातवंडं बघितली. पण यांचं म्हणणं, ते जगणं नव्हे. दादा फोनवर बोलायचा तर समोरचा म्हणायचा लाइन खराब आहे. हे मला म्हणाले, माझी लाइन खराब होऊ देणार नाही."

मी विचारलं, मग आजच का आलात. आदल्या दिवशी त्या स्वतः सहा नंबरच्या फलाटावर उभ्या होत्या. घोषणा सुरू झाली आणि मध्येच थांबली. स्पीकर चालूच होता. त्यातून नुसता श्वास ऐकू येत होता, आत-बाहेर, आत-बाहेर, आणि सगळा स्टँड माना वर करून त्या कर्ण्याकडे बघत होता. मग कोणीतरी बटण बंद केलं.

"इतकी वर्षं मी यांचं ऐकत आले," काकू म्हणाल्या, "काल पहिल्यांदा सगळ्यांबरोबर ऐकलं."

दुसऱ्या दिवशी काका नेहमीच्या वेळेला आले. मी इतरांना अर्धा तास उशिरा बोलावलं होतं. ते पट्ट्यावर चढले, मी अगदी हळू वेग लावला, आजीबाई देवळात जातात तेवढा, आणि खणातून खताचं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वाचायला लागले. पहिलंच वाक्य तीन ठिकाणी तुटलं. दुसऱ्याच्या सुरुवातीला त्यांनी कार्ड खाली केलं. मी पट्टा बंद केला, हळूहळू, नियमाप्रमाणे.

"तुमच्या काकू येऊन गेल्या तर," ते म्हणाले. "आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाला बोलणार."

मला राग आला होता. आजपर्यंत मी कुठल्याही पेशंटवर चिडले नव्हते. मी विचारलं, घोषणा कशा बोलत होता मग, रोज, चढावर?

ते दांडीला धरून उभे होते. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून की काय, त्यांनी मला ते एखाद्या उमेदवाराला काम शिकवावं तसं समजावून सांगितलं. घोषणेत थांबायच्या जागा असतात. फलाट क्रमांक म्हणायचं आणि थांबायचं, त्यात एक छोटा श्वास. मग आकडा. मग गावाचं नाव, पुन्हा थांबायचं. ऐकणाऱ्याला वाटतं बोलणाऱ्याचा रुबाब आहे. श्वास नाकानं घ्यायचा, तोंड उघडायचं नाही, आवाज होत नाही. छाती भरून खोकला झालेला असतानाही त्यांनी असे आठ-आठ तास काढले होते.

"तुमची परीक्षा चांगली आहे," ते म्हणाले. "फक्त आमच्या धंद्यातल्या माणसाला ती लावायची नाही. आणि मॅडम, इथं यायला मला आवडायचं. दम लागतो म्हटलं असतं तर तुम्ही पट्ट्यावरून उतरवलं असतं."

"उतरवलं असतं. आणि ऑपरेशनला पाठवलं असतं."

"तेच म्हणतोय."

त्या दिवशीच इको झाला. झडप आता जेमतेम फटीएवढी उघडत होती. त्याहून वाईट म्हणजे हृदयाचा स्नायू थकला होता. बंद दाराला किती दिवस खांदा लावणार. डॉक्टरांनी काकांना आणि काकूंना समोर बसवून सांगितलं की ऑपरेशनला पर्याय नाही, जोखीम वाढली आहे, पण केलंच पाहिजे. आवाजाचं विचारल्यावर ते म्हणाले की पूर्ण काळजी घेऊ, शब्द देता येत नाही. काकांनी बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची मागची भिंत होती. मग त्यांनी हो म्हटलं. काकू नंतर मला म्हणाल्या की ते हो त्यांनी कोणाच्या भल्यासाठी म्हटलं ते कळलं नाही, पण म्हटलं.

पाच आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. तारखेच्या आठ दिवस आधी काकांच्या फुप्फुसात पाणी भरलं. ॲम्ब्युलन्सनं आणलं, पाणी उतरवलं, तारीख पुढे गेली. पाणी उतरवायच्या औषधांनी मूत्रपिंडांनी मान टाकली. ती सावरतायत म्हणेपर्यंत छातीत संसर्ग झाला. तारीख पुन्हा पुढे गेली. तिसऱ्या वेळी शस्त्रक्रियेचे डॉक्टर येऊन बघून गेले आणि म्हणाले की आता टेबलावर घेतलं तर टेबलावरून खाली येतील असं मी म्हणू शकत नाही. पायाच्या रक्तवाहिनीतून झडप बसवायचा विचार झाला. त्याच्याही तपासण्या झाल्या. त्या दोन पाकळ्यांवर आणि भोवती कॅल्शियमचा इतका चुना साठला होता की नवी झडप नीट बसणार नाही, बसवताना जुनीच फाटेल, असं ठरलं. कोणी ‘नाही’ असं स्पष्ट म्हटलं नाही. फक्त पुढची तारीख दिली नाही.

मी माझी वही घेऊन आमच्या विभागाच्या डॉक्टरांकडे गेले. खोडलेला आकडा दाखवला, तारीख दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बघितलं.

"एका आकड्यानं काही होत नाही," ते म्हणाले.

"त्या दिवशी पाठवलं असतं तर?"

"पेशंट खोटं बोलत होता. तू काय करणार?" त्यांचा फोन वाजला आणि तो घेत त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. ते चांगले माणूस आहेत. त्यांना घाईही होती. यातलं नेमकं कशामुळे ते तसं म्हणाले, हे मी पुष्कळदा मनात घोळवून बघितलं आहे.

काकांना घरी सोडलं. काम संपल्यावर, दुपारच्या उतरत्या उन्हात, मी आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे जायला लागले. चार मजले चढून गेल्यावर मलाच धाप लागायची, आणि दार उघडायच्या आधी मी ती जिन्यातच जिरवायचे, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

व्यायाम म्हणजे काय उरलं होतं. खुर्चीतून उठायचं, उभं राहायचं, बसायचं. पहिल्या आठवड्यात पाच वेळा. मग तीन. घोटे गोल फिरवायचे. हाताच्या मुठी उघडायच्या, मिटायच्या. दारापासून खिडकीपर्यंत माझ्या हाताला धरून चालायचं, बारा पावलं. मग बारातली सात. काकू शाळेतून आल्या की त्यांना मी सगळं समजावून द्यायचे: श्वास रोखू देऊ नका, उठताना घाई नको, पाय सुजले तर फोन करा. काकू मान हलवायच्या आणि एका कागदावर लिहून घ्यायच्या. यानं काही बरं होणार नव्हतं, आणि ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. पण मी नियम सांगत राहिले, कारण नियम सोडले तर त्या घरी मी कोण म्हणून जात होते, हा प्रश्न आला असता.

काकांचं बोलणं आटत गेलं. आवाज तसाच होता, तोच भरदार, पण दोन शब्दांपुरता. तिसऱ्या शब्दाला श्वास उरायचा नाही. नस शाबूत होती, आवाजाला कोणी हात लावला नव्हता, आणि तरी तो गेला होता. त्यांना ते कळत होतं. एकदा काकूंनी पाणी हवं का विचारलं, तेव्हा त्यांनी "नको" म्हटलं आणि मग माझ्याकडे बघून हसले, जणू एवढीच घोषणा आता परवडते.

शिंपी एकदा भेटायला आले. ते दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले आणि तिथंच बसले. त्यांच्या हृदयाला पुढचे दोन मजले झेपणार नव्हते, आणि काकांना दोन मजले उतरणं शक्य नव्हतं. मी मध्ये ये-जा करत निरोप पोचवले. शिंप्यांनी विचारलं कसे आहात, काकांनी सांगितलं बरा आहे. मी म्हटलं फोनवर बोला, तर काकांना बोलायला दम नव्हता आणि शिंप्यांना फोनवरचं ऐकू येत नव्हतं. अर्ध्या तासानं शिंपी कठड्याला धरून उतरून गेले.

शेवटच्या वेळी मी गेले तेव्हा त्यांना उठवायचा प्रश्नच नव्हता. मागे तीन उशा घेऊन ते खुर्चीत होते. पाय घड्यासारखे सुजलेले. मी शेजारी बसून त्यांच्या मुठी उघडत-मिटत होते, म्हणजे माझ्याच हातांनी. त्यांनी हात सोडवून घेतला.

"विचारा," ते म्हणाले. मग श्वास. "आकडा."

"दहापैकी किती, काका?"

त्यांनी विचार केला. खरोखर विचार केला, डोळे मिटून, आत कुठंतरी मोजून बघितल्यासारखा.

"नऊ."

वही आणली नव्हती. थोड्या वेळानं ते पुन्हा बोलले, एकेक शब्द वेगळा करून, आणि या वेळी थांबण्यात कसलाही रुबाब नव्हता.

"खरं बोललं... की हलकं वाटतं... म्हणतात." त्यांनी मान हलवली. "तसं... काही नाही."

चार दिवसांनी, दुपारी, त्याच खुर्चीत ते गेले. काकू शेजारच्या खोलीत त्यांच्या स्वेटरचा कोपर रफू करत होत्या. त्यांना कळायला थोडा वेळ लागला, कारण त्या घरातली शांतता तेव्हा रोजचीच झाली होती.

त्यानंतर महिन्याभरानं मी काकूंना भेटायला त्यांच्या शाळेत गेले. घरी जायचा जिना मला नको होता, हे खरं कारण. प्रयोगशाळेत त्या एकट्याच होत्या, लांबट ब्रशनं नळ्या धूत. मला त्यांनी उंच स्टुलावर बसवलं. तब्येतीचं, शाळेचं, जुजबी बोलणं झालं. त्या आता कामाचे तास वाढवून घेत होत्या, घरी जाऊन करायचं काय म्हणून. मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या,

"मी त्या मंगळवारच्या आधीही एकदा तुमच्याकडे आले होते."

"कधी?"

"हे बाथरूममध्ये पडले, त्याच्या दुसऱ्या दिवशी. तळघरात आले, बाहेरच्या बाकावर बसले. सांगायचं असं ठरवूनच आले होते. आतून यांचा आवाज येत होता. काहीतरी गंमत सांगत होते आणि तुम्ही सगळे हसत होता. तुमचंही हसू ऐकू आलं. मला वाटलं, इतकं बोलतायत, हसवतायत, म्हणजे माझंच काहीतरी चुकत असेल. मी उठले आणि घरी गेले."

नळातून पाणी वाहत होतं. त्यांनी तो बंद केला.

"त्या दिवशी आत आले असते तर?"

मला उत्तर माहीत होतं. त्या वेळी स्नायू बहुधा शाबूत होता, मूत्रपिंडं शाबूत होती. त्या दिवशी त्या आत आल्या असत्या, किंवा त्याच सुमारास मी तो पहिला आकडा खोडला नसता, तर काका टेबलावर गेले असते आणि बहुतेक परत आले असते. आवाजासकट की आवाजाशिवाय, ते नाही सांगता येत. पण आले असते.

"नक्की काही सांगता येत नाही, काकू," मी म्हणाले. "कदाचित काहीच फरक पडला नसता."

काकूंनी हातातली नळी खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी डाग राहिला होता. त्यांनी पुन्हा ब्रश आत घातला आणि घासत राहिल्या.

"तुम्हीही यांच्यासारखंच बोलायला लागलात," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, दुसरं काही होतं असंही नाही.

मी आणखी थोडा वेळ तिथं बसले. धुतलेल्या नळ्या एकेक करून लाकडी घोडीत उलट्या लावायला त्यांना मदत केली. मग तास संपला, पुढच्या वर्गाची मुलं दारात रांग करून उभी राहिली, आणि मला निघावं लागलं.